मग फुगे कशासाठी, शेठ?

लिंबू-मिरची टांगणाऱ्यांवर हसणाऱ्यांपैकी मी आहे, हे आधीच सांगते. नुसती हसत नाही, त्याविरुद्धची पत्रकं कसबा पेठेत दारोदार वाटलीत. लोकांनी तोंडावर दारं आपटली, मी फटीतून पत्रक आत सरकवलं. तेव्हा 'हिलाही भुतं दिसायला लागली' असं म्हणायचं तर जरूर म्हणा. मला भूत दिसलेलं नाही. मी एक गाडी खाली बसताना पाहिली... भर दुपारी, माणसांच्या घोळक्यात.

माझा मोठा भाऊ पिकअपवर ड्रायव्हर होता. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, राहायला पुण्यात, चंदननगरला. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं आणि शेजारी खराडीत काचेच्या बिल्डिंगा उगवत होत्या. तिथल्या एसीला दम निघत नसे, म्हणून जनरेटर भाड्याने जायचे. ट्रॉलीवर जनरेटर, आणि ट्रॉली पिकअपच्या हुकाला. मालकाला सगळे शेठ म्हणत. मीही तेवढंच म्हणते, नाव घेऊन त्याला मोठा करत नाही.

शेठची एक युक्ती होती. जनरेटर ट्रॉलीवर पुढे ठेवला की वजन हुकावर येतं, पिकअप मागून दबते आणि पोलीस अडवतात. म्हणून हा तो मागे सरकवून बांधायला लावायचा. गाडी दिसायला सरळ! पण मागे जड झालेली ट्रॉली वेगात शेपटीसारखी डुलते आणि ओढणाऱ्या गाडीलाच फिरवते. "शेठ ऐकतच नाही गं," दादा घरी येऊन चिडायचा. एका सकाळी नगर रोडच्या उतारावर ट्रॉली डुलली, पिकअप उलटली. दादा गेला.

शेठनं पोलिसांना, जनरेटर भाड्याने घेणाऱ्या कंपनीला, आमच्या गल्लीला एकच सांगितलं — ड्रायव्हरला डुलकी लागली.

"माहा पोरगा ष्टेरिंगवर झोपनारा नव्हता," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लोक मान हलवायचे. सगळ्याच आया असं म्हणतात, हे त्या मानेत स्पष्ट ऐकू यायचं. मला शेठकडून बाकी काही नको होतं. त्याच्या तोंडून, चारचौघांत, खरं हवं होतं. आणि तो रडताना पाहायचा होता. उगाच सोज्वळपणा कशाला?

मग कळलं, शेठनं नव्या पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एअर बॅगा बसवल्यात. म्हणजे रबराचे जाड फुगे. हवा भरली की दबलेली गाडी उचलून सरळ करतात. आता जनरेटर पुढे ठेवला तरी गाडी दबलेली दिसणार नाही, ट्रॉलीही डुलणार नाही. माझं डोकंच फिरलं. ड्रायव्हर झोपला होता ना? तेच पत्रकावर छापलं, मोठ्या टाइपात — मग फुगे कशासाठी, शेठ?

दसऱ्याला खराडीतल्या त्याच्या यार्डात गाडीची पूजा होती. जनरेटरची ट्रॉली जोडलेली, झेंडूच्या माळा, बाकीचे ड्रायव्हर, यार्डातला फिटर, आणि कंपनीचे अ‍ॅडमिनवाले कुलकर्णी साहेब. मी पत्रकं घेऊन शिरले.

"आलीस? पेढा घे," शेठ म्हणाला. "आणि ते कागद तिकडे कचऱ्यात टाक."

"वाचून तुम्हीच टाका. चारच शब्द आहेत, दमणार नाही."

कुलकर्णींनी चष्मा वर करून वाचलं. "प्रश्न बरा आहे हो. उत्तर आहे का आपल्याकडे?"

"साहेब, सेफ्टी! आता ट्रॉली जराही डुलत नाही. आणि हिचा भाऊ... त्याला डुलकी लागली होती, सगळ्यांना माहितेय."

फुस्स नाही, काही नाही. पिकअपची मागची, ड्रायव्हरच्या बाजूची कड हळूहळू खाली गेली. कुणीतरी निवांत टेकून बसावं तशी.

फिटरनं कॉम्प्रेसरनं हवा भरली, साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. गाडी पुन्हा सरळ. शेठ हसला, "नवीन माल, होतं असं. ड्रायव्हर जागा असता तर—"

गाडी पुन्हा बसली.

"आपल्यापेक्षा आपली गाडी जास्त बोलते," कुलकर्णी म्हणाले.

फिटरनं तिसऱ्यांदा हवा भरली. शेठ तापला होता. फिटरला बाजूला ढकलून बॅगा बघायला स्वतःच गाडीखाली सरकला. बाहेर फक्त पाय. मी त्या पायांशी जाऊन वाकले.

"शेठ, तिथूनच सांगा. माझा भाऊ झोपला होता?"

"सरक. बाहेर येऊन बोलतो."

"नाही. आत्ता."

"हो... झोपला—"

गाडी खाली आली. थोडीशीच. शेठ असा ओरडला की ड्रायव्हर जॅक आणायला पळाले. मी हलले नाही.

"झोपला होता?"

"नव्हता! मीच जनरेटर मागे घ्यायला लावला! तो नको म्हणत होता, मी लावला!"

आणि गाडी वर उठली. कॉम्प्रेसर बंद, नळी फिटरच्या हातात, बॅगांच्या गेजचा काटा आपोआप चढताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. शेठ बाहेर आला तो रडतच, तोंडाला ग्रीस.

"पुन्हा सांगा," मी म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यानं सांगितलं. मागच्यांना ऐकू येईल असं.

कुलकर्णी पोलिसांकडे साक्षीला आले, नंतर आमच्या घरीही. आमच्या पत्रकं वाटणाऱ्या ग्रुपमधल्यांनी मला व्हॉल्व्ह समजावला, उन्हानं हवा फुगते हे समजावलं. फुगते, मान्य. पण ऊन माणसाचं बोलणं ऐकत नाही. फिटरनं बॅगा काढून पाण्याच्या पिंपात बुडवून पाहिल्या, धड निघाल्या. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही, आणि माझ्याकडे उत्तरही नाही. 'तो खाली चेंगरला असता तर?' असं मला विचारतात. त्याचं उत्तर आहे, पण ते मी देत नाही.

त्या दिवशी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. गाडी कशी बसली, कशी उठली, यात तिला काही नवल वाटलं नाही.

"थो वरडला का?" तिनं विचारलं.

"हो."

"जोरानं?"

"जोरानं."

"वाढ मंग," म्हणाली, आणि जेवायला बसली.