दाबून चालणारा टच

मोबाईल म्हटलं की मला आता कंटाळा येतो. कुणाचाही फोन अडला की तो माझ्याच मांडीवर येऊन पडतो. काकांचा, शेजारच्या वहिनींचा, आमच्या कॉलेजातल्या शिपायाचा. "बघ गो जरा." कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून डोळ्यांचं पाणी पाणी झालेलं असतं, तरी बघते. नाही म्हणून सांगते कुणाला? पण या सगळ्या फोनांत मायेनं आठवावा असा एकच, आईचा पहिला टच.

भाऊ बोटीवर लागला, पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून परतला नि रत्नागिरीच्या बाजारातून तो फोन घेऊन थेट गावी राजापूरकडे आला. टचचे फोन तेव्हा पैसेवाल्यांचे. हा आपल्यासारख्यांचा टच. अंग प्लॅस्टिकचं, पाठ लालभडक, कोपऱ्यात खुपसलेली एक काडी. वर काच नव्हती, मऊसा पडदा होता. नुसतं बोट टेकवून त्याला काही कळायचं नाही, चांगलं दाबावं लागायचं. फोटो असा काढायचा की त्यात मी कोण नि माड कोण हे विचारावं लागे. खाली मात्र तीन खरीखुरी बटणं होती. त्यातलं हिरवं दाबलं की फोन उचलला. काचेवाले फोन स्वस्त झाले तसं कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं. पुढं त्याचं कव्हर मिळेना, काडी मिळेना.

आईला काडीची गरजही राहिली नव्हती, कारण ती तिनं पहिल्याच आठवड्यात हरवली. मग केसांतल्या आकड्यानं दाबायची, पुढं पुढं नखानं. तो फोन मधूनच भरकटायचा. मग पडद्याच्या कोपऱ्यांत फुल्या दाखवायचा आणि त्या एकेक करून दाबल्या की पुन्हा ताळ्यावर यायचा. आई त्या फुल्या आपल्या अंगठ्याच्या तिरप्या नखानं दाबायची, त्यामुळे तो फक्त तिच्याच सवयीचा झाला. मी दोन दाबलं की पाच लागायचा. "तुझं काम नाय ता," म्हणायची, नि मला चिडवत हसायची. आमच्या वाडीत टच वापरणारी पहिली बाई म्हणजे माझी आई! भावाचा फोन आला की तिसरी रिंग व्हायच्या आत हिचं "बोल रे" व्हायचं.

ती हसायची ते ऐकायला बरं वाटे, कारण तिचे दिवस हसण्याचे नव्हते. बाबा गेल्यावर तिनं वर्षानुवर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. त्यावर आम्ही दोघं शिकलो. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी खातो. बायका बोटं राखेत घोळवून मग बी हातात घेतात, तरी तो खातोच. आईच्या बोटांची टोकं काळी, टणक, घासलेल्या दगडासारखी गुळगुळीत झाली आहेत. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उमटत नाही, म्हणून तिथंही माझाच.

गुडघे गेले तसं मी तिला रत्नागिरीत माझ्याकडे आणलं. लाल फोन सोबत आला. त्याची बॅटरी फुगली, मी हातखंब्याच्या एका दुकानातून दुसरी आणली, तीही फुगली. त्यात भाऊ आता बोटीवरून इंटरनेटवरून बोलायला लागला नि ते ॲप काही ह्या म्हाताऱ्या फोनावर चालेना. मग भावानं तिच्यासाठी नवा पाठवला. मोठा, काचेचा, चकचकीत. बटण एकही नाही. रिंग वाजली की हिरव्या गोलावर बोट ठेवून वर सरकवायचं.

आईचं बोट त्या काचेला कळेचना. ती सरकवायची, गोल तिथंच. दाबायची, गोल तिथंच. मी दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, जुन्याला जोर लागायचा, ह्याला जिवंत कातडी लागते. आता ही मी कुठून आणू? रबरी टोकाची काडी आणली, ती ऐन वेळी सापडायची नाही. बोट पाण्यात बुडवून बघितलं, तर थेंब पडून फोनच वेडावला. म्हटलं, "आई, जिभेला बोट लाव नि मग सरकव." ती केवढ्यानं दचकली! "ही बोटं तोंडात घालू?" कारखान्यात पहिल्या दिवशीच शिकवतात, हात तोंडाजवळ न्यायचा नाही, ओठ सुजतात. काम सोडून इतकी वर्षं झाली, तरी ती आजही पोळी चमच्यानं खाता आली तर बरं म्हणणारी बाई.

एकदा घरी येऊन बघते तर फोनावर राख. आईनं गावच्या न्हाणीघरातल्या चुलीची राख डब्यात भरून आणलेली, भांड्यांना म्हणून. ती बोटांना चोळून फोन उचलायला बसली होती. "काच बुळबुळीत, बोट घसरतं. राखेनं पकड येईल," म्हणाली. आधीच कोरडी बोटं, वर राख! मी डोक्याला हात लावला. चिडले तिच्यावर, खूप चिडले. दिवसभराचा शिणवटा नि वर हे. त्या दिवसापासून तिनं मला फोनाचं काही विचारणंच बंद केलं.

आणि तिकडे भावाचं वेगळंच. त्यानं कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलं होतं, गणपतीला येणार नव्हता. त्याला नेट मिळायचं ते भलत्या वेळी, बहुतेक दुपारी, मी ऑफिसात असताना. आई उचलायची नाही. तो मला लिहायचा, "मी येत नाही म्हणून आई रागावलीय. मुद्दाम उचलत नाही." मी सांगितलं, अरे, तिला उचलता येत नाही. तर म्हणतो, "उगाच काय सांगतेस? तुझ्या आधी ती टच वापरायला शिकली." बसा! त्याचे फोन कमी होत गेले. आठवड्याचा पंधरवडा झाला. आई मांडीवर फोन ठेवून बसायची, वाजला तर भावाचा फोटो बघायची, आणि तो विझला की पदरानं काच पुसायची. हे असंच चाललं तर मुलगा हळूहळू फोन करायचाच सोडून देईल, ही भीती तिच्या तोंडावर मला दिसायची. मलाही तीच होती.

मग एका रविवारी मी मागल्या दारी बांगडे साफ करत होते. हात कोपरापर्यंत भरलेले. आत रिंग वाजली.

"आई, त्याचाच असणार! थांब, मी हात धुते!" मी ओरडले नि तशीच दारात आले. आईनं फोन टेबलावर उताणा ठेवला होता. ती वाकली, नाकाचा शेंडा त्या हिरव्या गोलावर टेकवला नि मान वर ओढली. आणि लागला की हो!

"आई? हे काय दिसतंय?" भावाचा आवाज. आईनं चेहरा मागं घेतला तसा तो हसला. मग म्हणाला, "राग गेला काय गो तुझा?"

"कसला राग रे मेल्या!" आई म्हणाली. "बोटं लागत नायत माझी ह्या काचेला. तुझा फोन वाजतो, तुझा फोटो दिसतो, नि मी बसते बघत. ही बघ." आणि तिनं दोन्ही हात फोनापुढं धरले.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, एवढंच ना? माझीपण लागत नाहीत. दिवसभर गंज खरवडायचा, नि रंगाच्या थिनरनं हात धुवायचे. मी अंगठ्याच्या कडेनं उचलतो. तूपण कडेनं करून बघ." आणि त्यानं आपली बोटं पुढं करून दाखवली.

मला तर हायसं वाटलं. सुटलं एकदाचं, म्हटलं, अंगठ्याची कड! मी हसलेसुद्धा.

आई हसली नाही. तिनं फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. त्याच्या बोटांची टोकं काळी पडली होती, गुळगुळीत झाली होती.

"खुर्चीत बसून काम असतं म्हणाला होतास ना रे तू मला?"

मला वाटलं नेहमीसारखं नेट गेलं, चित्र अडकलं. मी हात पदराला पुसले नि वाकून बघितलं. नेट चालू होतं. त्याच्या पापण्या हलत होत्या.