चार बोटं खाली

जालन्यात स्टेशनामागची वस्ती पाडून तिथं तीन मजली घरं बांधायची ठरली, तेव्हा आराखडा करणारी गंधाली दारोदार फिरून लोकांना काय हवं ते विचारत होती. वाटूरहून येऊन इथंच हयात घालवलेल्या रामरावांनी तिला दारातही उभं केलं नाही. "विचारून घेतेत आन् मनाचंच करतेत," म्हणाले.

पण त्यांची बायको झुंबरबाई, पाय गेल्यापासून चाकाच्या खुर्चीत बसलेली, आतून म्हणाली, "पोरी, मला माह्या हातानं भाकरी थापता यावी. बस."

गंधालीनं पुठ्ठ्याचा ओटा करून आणला. झुंबरबाईनं खुर्ची पुढं घेतली, ओट्यावर परात ठेवून पीठ मळून पाहिलं. "आजून चार बोटं खाली," तिनं फर्मावलं.

घरं उभी राहिली. रामरावांना तळमजला मिळाला. दाराला पायरीऐवजी उतार, आत बुटका ओटा. झुंबरबाई मात्र त्याआधीच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीतच वारली.

दिवाळीनंतर गंधाली घरं बघायला आली. उंचेपुरे रामराव एक हात कमरेवर ठेवून, पार वाकून चहा करत होते. तिला बघवेना.

"काका, ओटा उंच करून देते. फार काम नाही."

रामरावांनी गॅस बंद केला. कप तिच्यापुढं सरकवला.

"तिनं सांगितलं आन् कुणी बराबर तसंच केलं, असं तिच्या जन्मात येवढंच झालं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. मी वाकतो."