यादीत न लिहिलेली पेटी

त्याला सगळे कानसेन म्हणत. टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडता जोडता तो निवृत्त झाला, पण चर्चचे माइक आणि स्पीकर काही त्याच्या हातून सुटले नाहीत. गाणाऱ्याचा सूर जरा हलला की ह्याची भुवई आधी हलायची, म्हणून ते नाव. बायको म्हणायची, "चर्चमध्ये सुई पडली तरी ऐकू येतं, घरात मी ओरडले तरी नाही."

त्या यंत्रांचा खरा वैद्य मात्र वेगळा होता. बाजारामागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ, सगळ्यांचे रेडिओवाले. वीस वर्षं काहीही अडलं की हे गृहस्थ पिशवी खांद्याला लावून हजर. वेदीमागच्या खोलीत, कपाटाच्या पाठीमागे, त्यांनी स्वतः जुळवलेली एक पेटी होती. घरून एका ठरलेल्या नंबरावर फोन लावला की रविवारची उपासना जशीच्या तशी कानाशी यायची. अंथरुणाला खिळलेली, उंबरठा ओलांडू न शकणारी एकतीस माणसं दर रविवारी तो नंबर फिरवायची. चौदा वर्षांत पेटी एकदाही बिघडली नाही.

मग चर्चच्या कमिटीने सगळी यंत्रणा नवी करायचं ठरवलं. उपासना चालवणारे पाळक म्हणाले, "आपण इथले मालक नाही, कारभारी आहोत. दोन ठिकाणी विचारून घ्या." कानसेनने ते मनावर घेतलं. रेडिओवाल्यांनी विश्वासाने हातात दिलेला नव्या कामाच्या दरांचा कागद त्याने एका मोठ्या कंपनीच्या टायवाल्या माणसापुढे ठेवला. "ह्याच्यापेक्षा कमी जमेल का बघा." टायवाल्याला जमलं, आणि काम कंपनीला गेलं. जुनं सगळं सामान कंपनीच बदल्यात उचलून नेणार होती.

टायवाल्याने हल्ली काय काय चालू आहे त्याची यादी मागितली. कानसेन चष्मा लावून बसला आणि अठरा गोष्टी लिहिल्या, अगदी माइकच्या दांड्यांसकट. पेटी राहिली. कधी कुरकुरलीच नाही, तर आठवणार कशी?

नव्या यंत्रणेवर पहिली उपासना झाली. लोकांनी कानसेनची पाठ थोपटली. तो घरी येऊन चपला काढतोय तोच फोन वाजला. पलीकडे बाई होत्या, शाळेत त्याला गणित शिकवणाऱ्या, आता नव्वदीला टेकलेल्या.

"अरे, आज प्रार्थना नव्हती का? नुसतंच टुंग टुंग वाजत होतं."

तो तसाच उलट्या पावली चर्चला गेला. कपाटाच्या मागे धुळीत पेटीच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला होता.

टायवाला फोनवर अतिशय नम्र होता. "सर, ते तुमच्या यादीत नव्हतं ना. आता सगळं मोबाइलवर लाइव्ह दिसतं. त्यांना लिंक पाठवा."

"अहो, त्यातल्या निम्म्यांना दिसत नाही!"

"मग वेगळी मागणी नोंदवावी लागेल, सर."

मागणी नोंदवली. मग तिचा नंबर आला, मग त्या नंबराबद्दल विचारायचा नंबर आला. कानसेन रोज सकाळी फोन धरून बसायचा, आणि रोज नवीन कोणीतरी त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावायचं.

रेडिओवाल्यांकडे जावं हे त्याला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊनही आला. पण त्यांचा कागद आपण कोणाला दाखवला हे त्यांना एव्हाना कळलंच असणार, मग कोणत्या तोंडाने जायचं?

त्याऐवजी त्याने जुगाड केला. रविवारी आपला मोबाइल स्पीकरजवळ धरून एकत्र पाच जणांना फोन जोडायचा. पाचाच्या वर जोडलं जाईना. एकतीस माणसं आणि जागा पाच! त्याने पाळ्या लावल्या. ज्याची पाळी नसे त्याचा सोमवारी फोन येई. कोणी रागावे, कोणी रडे, एक आजोबा काही न बोलता नुसता श्वास घेत राहत. कानसेनला जेवण जाईना. बायको ताट पुढे सरकवून म्हणायची, "खा दोन घास. तू उपाशी राहून त्यांना ऐकू येणार आहे का?"

बाई म्हणाल्या होत्या, "मला शेवटी ठेव रे. मला निम्मं पाठ आहे." त्यांची पाळी सातव्या रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी त्या गेल्या.

अंत्यविधीला नवे स्पीकर सुरेख वाजले. कानसेनला ते ऐकवेना. मातीहून परतताना तो घरी गेलाच नाही, तडक गल्लीत शिरला.

रेडिओवाले कसलीशी तार सोलत होते. त्यांनी मान वर केली, पण बसा म्हणाले नाहीत.

"तुमचा कागद मी त्यांना दाखवला," कानसेन उभ्यानेच म्हणाला. "आणि पेटी लिहायला विसरलो. बाई गेल्या."

"ठाऊक आहे. दोन्ही." त्यांनी तार खाली ठेवली. "पहिल्या सोमवारी आला असता, तर त्यांच्या गोदामातून पेटी उचलून आणली असती मी. परवा चौकशी केली. मोडीत गेली."

"माझ्या तोंडात मारा, पण काहीतरी करा."

"मारून काय आवाज पोहोचणार आहे?" मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "किती माणसं?"

"एकतीस." मग त्याचं त्यालाच आठवलं. "तीस."

नवी पेटी जुळवायला साडेचार महिने लागले. तसले सुटे भाग आता कुठे मिळत नव्हते. कमिटीपुढे कानसेनने आपल्या दोन्ही चुका उभं राहून सांगितल्या. "होतं असं कधी कधी," म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रविवारचा मोबाइल तेवढा चालू होता. पाळ्या आता लवकर यायला लागल्या होत्या, आणि त्या का लवकर येतात हे त्याला कागदावरच्या एकेका नावावर रेघ मारताना कळत होतं.

नवी पेटी बसवली त्या रविवारी तो वेदीमागच्या खोलीतच थांबला. पहिलं गीत सुरू व्हायच्या आत एकेक फोन जोडला जाऊ लागला. जोडलेल्या फोनांचा आकडा पेटीच्या काचेवर चढत गेला आणि सव्वीसवर थांबला. गीत संपलं, वाचन झालं, तरी कानसेन आकड्याकडे बघत होता. आकडा काही हलला नाही.

रेडिओवाल्यांनी अवजारं पिशवीत भरली. एके काळी काम झाल्यावर दोघं पायरीवर बसून तासभर चहा प्यायचे.

"चहा सांगू?" कानसेनने विचारलं.

"नको." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "महिन्यातून एकदा बघून जाईन. तुम्ही फोन करू नका. मीच येईन."

आणि ते मागच्या दाराने निघून गेले.