स्लीपरचं अंतर

लग्न झालं तेव्हापासून माझी एकच तक्रार होती, की हे माझ्या बरोबरीनं चालत नाहीत. हे रेल्वेत गँगमन. रुळांखालच्या एका लाकडी स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत दिवसभर चालायची सवय. घोरावाडीहून इंदुरीला माझ्या माहेरी निघालो की हे वीस पावलं पुढं, मी पिशव्या सांभाळत मागं. मग मध्येच थांबून ओरडायचे, "चल की लवकर! पाय काय घरी ठिवून आलीस?" मी मनातल्या मनात खूप काही बोलून घ्यायचे.

चाळिशी उलटली आणि यांचा उजवा हात कापू लागला. पुढं चेहरा हलेनासा झाला, आणि एक दिवस उंबऱ्यापाशी पायच उचलेना. पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तो वाढतच जाणार, हेही लपवलं नाही. नोकरी सुटली.

पुण्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. यांना दोन दांड्यांच्या मध्ये उभं करून त्या म्हणायच्या, "उचला पाय, आजोबा." बेचाळीस वर्षांच्या माणसाला आजोबा! मला ते अजिबात सोसायचं नाही. पण पाय काही फरशीवरून सुटायचे नाहीत. घरी मी यांचे दोन्ही हात धरून उलटी चालायचे. म्हणजे आता पुढं मी होते.

एकदा पुण्याहून येऊन घोरावाडीला उतरलो. गाडी निघून गेली. रूळ ओलांडायचे होते आणि हे फलाटावर खिळलेले. कसंबसं खाली उतरवलं. रुळांत पाऊल पडलं मात्र, हे चालू लागले. पलीकडे नाही, रुळांच्या मधून सरळ, स्लीपरवरून स्लीपरवर, पूर्वीसारखे झपाझप. मी पिशवी टाकून मागं धावले. "अहो, थांबा!" किती दिवसांनी हे शब्द माझ्या तोंडी आले होते.

घरी आल्या आल्या मी सारवलेल्या जमिनीवर स्लीपरसारखे चुन्याचे आडवे पट्टे आखले. यांनी पट्ट्यांकडे बघून विचारलं,

"ह्ये कुनाच्या पावलाचं?"

मी शहाणीनं माझ्याच पावलांनी मोजले होते. दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन रुळांवर गेले आणि स्लीपरचं अंतर मोजून आणलं. त्या पट्ट्यांवरून हे चुलीपासून दारापर्यंत एकटे आले. दर सारवणाला पट्टे जायचे, मी पुन्हा आखायचे. व्यायामाच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांच्या फरशीवरही खडूच्या रेघा होत्या.

मग त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुंबईला चिठ्ठी दिली. तिथं नव्या गोळ्या आल्या होत्या. "औषध आम्ही अजून पारखतोय," मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "गुण आला तरी किती टिकेल, सांगता येत नाही."

"मी हाय की पारखायला," हे म्हणाले आणि कापऱ्या हातानं कागदावर सही केली.

तिसऱ्या आठवड्यात यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग पट्टे नसलेल्या अंगणातून चालले. एका रविवारी आम्ही इंदुरीला निघालो आणि नदीच्या अलीकडेच हे वीस पावलं पुढं गेले. वळून ओरडले, "चल की लवकर!" मी रडत होते आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती. पुन्हा ओरडावं म्हणून मुद्दाम आणखी रेंगाळले.

असे सात-आठ महिने मिळाले. नंतर गोळी पुरेना. वाढवली तर अंग आपोआप वळवळायचं, भास व्हायचे. शेवटी डॉक्टरांनीच ती थांबवली. पुन्हा पट्टे आले. पुढं पट्ट्यांवरही पाऊल पडेना.

यांच्या शेवटच्या दिवाळीआधी मी जमीन सारवली, चुना भिजवला. हे खाटेवरून काहीतरी म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता की कान तोंडाशी न्यावा लागला.

"आता तुज्या पावलाचं आख. तुलाच चालायचंय."

उभ्या जन्मात या माणसानं माझ्यासाठी पाऊल आखूड केलं नव्हतं. आणि आता हे!

मला नको होतं माझ्या मापाचं. मला मागं राहायचं होतं, धापा टाकायच्या होत्या, यांच्या नावानं चिडायचं होतं. मी फळीवरची सुतळी काढली आणि चुलीपासून दारापर्यंत यांच्याच मापाचे पट्टे आखले.