हेमकांतचा डावा हात

हेमकांत कचेरीत दाखले टाइप करायचा, कंत्राटी. वय सेहेचाळीस. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि उजव्या हाताची बोटं कामातून गेली. घरच्यांनी बोभाटा केला नाही, त्यानंही नाही. कंत्राटी माणसाला आजार परवडतो होय! उजवा हात टेबलाखाली, डावा कळफलकावर. सात महिने खपून त्यानं एक फाइल बनवली होती. डाव्या बाजूची दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य उमटायचं. वेग पूर्वीइतकाच, कुणाला पत्ताही लागला नाही.

आणि सोमवारी आले नवे कॉम्प्युटर. टायपिंगचं अ‍ॅपही नवं. हेमकांतनं जुनी फाइल नेहमीच्या जागी ठेवली, दोन अक्षरं दाबली. दोनच अक्षरं उमटली! दुपारपर्यंत चार दाखले झाले, बाहेर रांग कुरकुरायला लागली. एका हातानं माणूस किती कुटाणा करणार?

त्यानं कॉम्प्युटर बसवणाऱ्या धर्मेंद्रला फोन लावला.

"भाऊ, बिघडेल काहीच नई शे. ते अ‍ॅप त्यान्हा डबामाच ऱ्हास. तुमनी फाइल त्याले दिखसच नई. परवानगी देवनी पडी."

"म्हणजे ते आपल्या डब्यातच राहतं, बाहेरची फाइल त्याला दिसत नाही? मंग दे ना परवानगी, रे बाबा!"

"पासवर्ड मॅडमकडे शे."

प्रतिभा मॅडम म्हणजे कचेरीच्या प्रमुख, त्या कारण विचारणार. वर्षभर लपवून लपवून जीव नुसता आंबून गेला होता. शेवटी उठला, मॅडमकडे जाऊन त्यानं फाइलसाठी परवानगी मागितली.

"जुन्या शब्दांची यादी आहे, मॅडम," तो म्हणाला.

"मग नव्यात टाइप करून घ्या की," प्रतिभा मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "एका फाइलसाठी परवानगी कशाला?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यानं डाव्या हातानं उजवा उचलला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"ह्याच्यासाठी."

मॅडमनी मान वर करून हाताकडे पाहिलं. मग उठल्या, त्याच्या कॉम्प्युटरपाशी येऊन पासवर्ड घातला, परवानगी दिली. हेमकांतनं दोन अक्षरं दाबली. अख्खं वाक्य उमटलं.

"तुमचा करार कधीपर्यंत आहे हो?" जाता जाता त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट.

"मार्च."

"बरं."

संध्याकाळपर्यंत त्यानं एक्केचाळीस दाखले काढले. एवढं काम कुणी सांगितलंही नव्हतं. उजवा हात तेवढा टेबलावरच पडून होता, सगळ्यांसमोर. आता लपवायचा कुणापासून?