मावशींचं नाव कुठे घेऊ?

सुनीताचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या उपासनेची प्रार्थना लिहीत होते. आजाऱ्यांची ओळ अर्धी झाली होती. "आई गेल्या गं," एवढंच ती म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, आमच्या मार्थामावशी. चर्चमध्ये सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायची प्रार्थना इतकी वर्षं त्याच लिहायच्या, वाचायच्या. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. पहिल्याच प्रार्थनेत 'करुणासागरा'पासून सुरुवात करून मी पानभर लिहिलं. मावशी मूळच्या सटाण्याच्या. शहरात गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहूनही तिकडची बोली सुटली नव्हती. म्हणाल्या, "बी.ए. बाई, देवाला सगळं ठाऊक शे. त्याला भाषण कशाला? थॉमसचा गुडघा दुखतोय, बरा कर म्हण." शनिवारी त्या घरोघर जायच्या आणि दारातच विचारायच्या, "नाव घेऊ का?" कुणी नको म्हटलं तर घ्यायच्या नाहीत. अशांसाठी वाचताना मधेच थांबायच्या, चष्मा काढून समोरच्या वाचायच्या स्टँडवर ठेवायच्या... तो पुन्हा डोळ्यांवर चढला की सगळे म्हणायचे, "प्रभू, आमची विनंती ऐक."

त्यांच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा मीही त्यांच्या दारात जाऊन विचारलं, "मावशी, नाव घेऊ का?"

"अजिबात नको. नाव घेतलंस की सगळे डबे घेऊन येतील, आणि मला घास उतरत नाही."

"पण मावशी..."

"मधे थांबतेस ना? मी त्यात बसते."

त्या हसल्या. मला मात्र धडकी भरली. दर रविवारी त्या शांततेत उभी असताना वाटायचं, नुसतं गप्प राहून मागणं पोचतं का? कमी तर पडत नाही?

आमच्या पंथात, देवाघरी गेलेल्या माणसासाठी काही मागत नाहीत, त्याच्याबद्दल आभार मानतात. मावशींचं नाव मी पहिल्यांदा मोठ्याने घेतलं, ते आभारांत. मागायची वेळ निघून गेली होती.

माझे डोळे अजून धड आहेत. तरी सुनीताने दिलेला मावशींचा चष्मा मी स्टँडवर ठेवते. आजाऱ्यांची नावं संपली की थांबते. आणि आभारांत घालायचं ते नाव तिथेच मनात येतं, मागणं होऊन... मावशींना आता दुखू देऊ नकोस, एवढंच. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायचा धीर झालेला नाही. समोर सगळे 'विनंती ऐक' म्हणायला चष्म्याकडे बघत असतात. मी तो लगेच उचलत नाही.