बिल्ल्याची मागची बाजू

डेस क्रिकनं तो पितळी बिल्ला दोन तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, मग तारेची घासणी घेतली आणि करपलेलं पातेलं घासावं तसा खसाखसा घासून काढला. शेवटी तो इतका लख्ख झाला की डेसला त्यात स्वतःचं नाक दिसलं. तो बेहद्द खूश झाला.

हेतू वाईट नव्हता बिचाऱ्याचा. एकतीस वर्षं त्यानं इंग्लंडातल्या नॉर्विच शहरापासून स्निटलहॅम गावापर्यंत बस हाकली आणि रोज सकाळी तिच्या काचा स्वतः पुसल्या. मळकं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्याची बायको हयात असताना पाहुण्यांना सांगायची, "याच्यासमोर फार वेळ गप्प बसू नका, पुसून फडताळात ठेवून देईल."

तर असा तो लख्ख बिल्ला रुमालात गुंडाळून डेस विनी लारवूडच्या स्वयंपाकघरात गेला. विनीनं चहाचा कप बाजूला सारला, चष्मा चढवला, बिल्ला उलटा केला आणि गप्प झाली. विनी गप्प झाली की स्निटलहॅममधली माणसं टोपी सावरून दाराकडे बघतात.

"मागं काय होतं?" तिनं विचारलं.

"मागं? मळ होता."

"आणि मळात?"

"दोन-चार ओरखडे होते. अर्धा तास खपलो, पण एक शिल्लक ठेवला नाही बघ!"

"मुडद्या," विनी म्हणाली, "ते नाव होतं!"

आणि मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो चहा पार गार होईपर्यंत. शनिवारी शेतात डेसच्या धातू हुडकायच्या डिटेक्टरनं टुंई केलं, डेसनं वीतभर खणलं आणि हा हिरवागार बिल्ला बाहेर आला, तेव्हा विनी शेजारच्याच सरीत होती. तिनं तो हातात घेतला होता. मागं खिळ्यानं कोरल्यासारखी दोन अक्षरं आहेत, बहुधा कुणाच्या नावाची, एवढं तिला दिसलं, पण वाचायचा चष्मा घरी राहिला होता. ज्याला सापडलं त्यानं आधी घरी न्यायचं, ही त्यांच्यातली रीत. म्हणून तिनं तो परत दिला आणि बजावलं, "धुऊ नकोस, पुसू नकोस, फुंकरसुद्धा मारू नकोस." आता ती डेसवर जेवढी चिडली होती तेवढीच त्या चष्म्यावर. पण चष्म्याला शिव्या देऊन भागत नाही, आणि डेस समोर बसला होता.

विनी लारवूड एकाहत्तर वर्षांची, आणि तिचा राग साधारण तेवढ्याच वयाचा. सत्तावीस वर्षं ती गावच्या शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करायची. निवृत्तीनंतर बायका गुलाब लावतात, विणकाम काढतात. हिनं डिटेक्टर घेतला. पण सापडलेली वस्तू हातात आली म्हणजे काम संपलं, असं मानणाऱ्यांतली ती नव्हे. खरं काम तिथून पुढं. दर गुरुवारी बसनं नॉर्विचला जायचं, जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत बसायचं, आणि दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांची कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं लावत, हे बटण कुणाच्या कोटाचं, ही कडी कुठल्या घोड्याची, ते हुडकायचं. डिटेक्टरवाली इतर मंडळी दर तिसऱ्या खड्ड्यात ओरडायची, "रोमन! रोमन!" विनी नुसती मान वळवून सांगायची, "ट्रॅक्टरचा नट." आणि तो नटच निघायचा.

या बिल्ल्यावर समोरच्या बाजूला दोन मोठी अक्षरं होती, एस आणि पी. डेसला वाटलं, कुणा सरदाराच्या शिकारी कुत्र्याच्या गळ्यातला असेल. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या निम्म्या लोकांनाही तेच वाटलं. सगळ्यांनाच आपल्या गावात सरदार हवा असतो.

"कुत्र्याचा नाही," विनी म्हणाली. "माणसाचा. एस म्हणजे स्निटलहॅम, पी म्हणजे पॉपर. कंगाल. चर्चच्या पंचांकडून पाव घ्यायचा असेल तर हा उजव्या खांद्यावर शिवायचा. बायकोनं, पोरानं, सगळ्यांनी. सरकारी कायदाच होता तसा. बिल्ला नाही तर पाव नाही. म्हणजे रस्त्यानं जाताना कुत्र्यालासुद्धा कळावं, हा फुकटा चाललाय."

हे सांगताना तिचा आवाज एकदम खाली गेला. डेस घाबरला. ओरडणारी विनी त्याच्या सवयीची होती.

"मला गुलाबी तिकीट असायचं," ती म्हणाली. "शाळेत, दुपारच्या जेवणाला. पैसे देणाऱ्यांना पांढरं, फुकटवाल्यांना गुलाबी. गुलाबीवाल्यांनी रांगेत शेवटी उभं राहायचं. माझ्यापर्यंत येईतो कस्टर्डवरची नुसती साय उरायची, जाड, चामड्यासारखी."

त्याच शाळेत पुढे ती स्वयंपाकीण झाली तेव्हा पहिल्याच सोमवारी तिनं बिस्किटांचा एक डबा दारात ठेवला. सगळ्यांनी तिकिटं आत यायच्या आधीच डब्यात टाकायची, मग रांग. मुख्याध्यापक म्हणाले, अशानं शिस्त बिघडेल. विनी पळी हातात घेऊन म्हणाली, "बिघडू दे." पळी मोठी होती. शिस्त बिघडली.

पुढचे सहा गुरुवार ती नॉर्विचला गेली. सहाव्या गुरुवारी परतली ती थेट डेसच्या दारात.

"सापडलं. बाकी सगळ्यांना कापडी बिल्ले होते. ते फार हरवतात, बायका मुद्दाम हरवतात, म्हणून पंचांनी सतराशे बावन्न साली दोन पितळी करून घेतले. दोघींसाठी. हॅना मॉब्ज आणि सेरा गेज. हॅनानं घालायला नकार दिला, तिचा पाव एक हिवाळाभर बंद. त्या हिवाळ्यात तिचं धाकटं पोर पुरलंय, तेही चर्चच्या दफनांच्या वहीत आहे. मार्चमध्ये तिनं बिल्ला घातला. सेरानं पहिल्या दिवसापासून घातला. अकरा वर्षं, थेट मरेपर्यंत."

"मग आपला कुणाचा?"

विनीनं त्याच्याकडे असं बघितलं की डेसनं आपल्याच घराच्या उंबऱ्यावर एक पाऊल मागं घेतलं.

"ते मागं लिहिलं होतं, डेस."

त्या आठवड्यात डेसला अन्न गोड लागेना. सोमवारी त्यानं मनाचा हिय्या केला आणि विनीचं दार ठोठावलं. "विनी, मला आठवलं. एच होतं. दोन उभ्या काठ्या, मध्ये आडवी. घासताना अंगठ्याला लागली होती बघ. म्हणजे हॅनाचाच. पोर गेल्याच्या रागानंच फेकला असणार तिनं शेतात!"

विनी खुर्चीत बसली. तिलाही तो हॅनाचाच हवा होता. पहिल्या दिवसापासून हवा होता, हे डेसला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. क्षणभर त्याला वाटलं, जमलं.

"अंगठ्याला लागली," विनी म्हणाली.

"हो."

"खरं?"

डेस बूट बघू लागला. बूट चकचकीत होते.

"हॅनाचं नाव लावलं की सेराचं पुसलं जातं, कळतं का तुला?" विनी उठलीच. "अकरा वर्षं खांद्यावर वागवला त्या बाईनं! एकदा घासलंस तेवढं पुरे नाही का रे मेल्या, आता तोंडानंही घासायला आलास?"

डेस घरी गेला आणि त्या दिवशी त्यानं काहीही पुसलं नाही.

सुगीच्या सणाला चर्चमध्ये भोपळे, पाव आणि सफरचंदं मांडतात. त्यांच्या शेजारी काचेच्या पेटीत बिल्ला कायमचा ठेवायचं ठरलं. पेटी दिली वाड्यावरच्या मिसेस ऑर्डवेलनी, त्यामुळे चिठ्ठीही त्यांनीच लिहिली: "आपल्या गावाच्या दानशूर परंपरेची सुंदर खूण."

विनीनं ती सगळ्यांदेखत काढली आणि चार तुकडे केले.

"विनिफ्रेड!" मिसेस ऑर्डवेल कुजबुजल्या. "चर्च आहे हे. आवाज जरा..."

"दान म्हणता याला, बाईसाहेब? पाव एका हातानं द्यायचा आणि दुसऱ्या हातानं अंगावर लिहायचं, ही भिकारीण आहे म्हणून?"

"तो काळच तसा होता, विनिफ्रेड."

"काळानं नव्हता शिवला तो. पंचांनी शिवायला लावला, आणि पंचांच्या सह्या वाचल्यात मी. याच दारात उभं करायचे दोघींना दर रविवारी, बिल्ला दिसेल अशा बेतानं. पहिली सही कुठल्या घराण्याची आहे, सांगू का इथं, भोपळ्यांसमोर?"

मिसेस ऑर्डवेलना एकदम सफरचंदं नीट मांडायची आठवण झाली.

विनीनं पिशवीतून आपली चिठ्ठी काढून पेटीत लावली. डेस पुढं सरकून वाचू लागला:

"हा बिल्ला हॅना मॉब्ज किंवा सेरा गेज हिच्या खांद्यावर होता. हॅनानं तो नाकारला म्हणून तिचा पाव एक हिवाळा बंद केला. सेरानं तो अकरा वर्षं घातला. दोघींपैकी कुणाचा, हे मागं कोरलेलं होतं. ते डेस्मंड क्रिक यांनी घासून काढलं."

गावभर झालं. पबमध्ये डेस शिरला की कुणीतरी रिकामा ग्लास पुढं करायचं, "डेस, एवढा जरा लख्ख करून देतोस का?" पोस्टातल्या बाई म्हणायच्या, "क्रिकसाहेब, तिकिटावरचा राजा तेवढा ठेवा हं!" रविवारी चर्चमध्ये तो दारातून आत शिरला की माना आधी त्याच्याकडे आणि मग पेटीकडे वळायच्या. तीन रविवार त्यानं काढले. चौथ्या रविवारी सर्दीचं निमित्त सांगून तो घरीच बसला.

त्यानंतरच्या शनिवारी दोघं पुन्हा त्याच शेतात होती. डेसला चेपलेला डबा सापडला, त्यानं तो खिशात टाकला आणि खड्डा नीट बुजवून पायानं दाबला. मग बराच वेळ तो तिथंच दाबत राहिला.

"विनी," तो शेवटी म्हणाला, "कापायचंय तर मान काप, पण ती चिठ्ठी... सगळे बघतात गं. किती दिवस ठेवणार आहेस ती तिथं?"

विनीनं कानांवरचे हेडफोन खाली ओढले.

"अकरा वर्षं."